दुखान रोडचे अथेन्सकर

माणसाचा अपमान न करता त्याला हाकलून कसं द्यायचं, हे मला इनासकाकांनी शिकवलं. आणि ते शिक्षण आम्ही पहिल्यांदा मनापासून वापरलं ते त्यांच्यावरच. गुन्हा आधीच कबूल केलेला बरा. नंतर कुणी मला साधी समजायला नको.

इनास तुस्कानो मूळचे वसईचे. नोकरी कतारमध्ये दुखानला, तेलाच्या कंपनीत मेंटेनन्स प्लॅनर म्हणून. राहायला मात्र दोह्यात, मदिनत खलीफामध्ये, कारण त्यांची बायको सेलीन दोह्यातल्या एका हॉस्पिटलात सिस्टर होती. म्हणजे रोज पहाटे ऐंशी-पंच्याऐंशी किलोमीटर पश्चिमेला जायचं आणि दुपारी तेवढंच उलटं यायचं. हे त्यांनी तीसेक वर्षं केलं. शेवटची चार वर्षं त्यांच्या जुन्या पांढऱ्या गाडीत आम्ही तिघं होतो. मी लातूरची, डॉक्युमेंट कंट्रोलर, म्हणजे कागद सापडला नाही की जिला शिव्या बसतात ती. उमेश कोल्हापूरचा, इन्स्ट्रुमेंट टेक्निशियन. आणि अमेय फायनान्समधला, पुण्याचा; ही शेवटची माहिती तो स्वतःच पुरवायचा.

पहिल्या दिवशी मी त्यांना 'अंकल' म्हटलं. त्यांनी गाडी सुरूच केली नाही. "अंकल लिफ्टमध्ये भेटतात," ते म्हणाले. "मी तुला रोज दोन तास भेटणार. काका म्हण." मग आरशात बघून त्यांनी विचारलं, "ग्रीकांबद्दल काय माहीत आहे?" मी म्हटलं, "काहीच नाही." इतका आनंद मी कुणाच्याही चेहऱ्यावर माझ्या अज्ञानामुळे झालेला पाहिला नाही.

बुटकेसे, पोट सुटलेले, केस काळेकुळकुळीत रंगवलेले आणि भुवया पांढऱ्याशुभ्र, कारण भुवयांना रंग लावायला काकूंनी मनाई केली होती. कव्हरऑलची कॉलर इस्त्रीची. सीट इतकी पुढे ओढलेली की पेटी वाजवायला बसल्यासारखे दिसायचे. आणि एकदा हात स्टिअरिंगवर ठेवले की अथेन्स सुरू. आम्ही तिघांनी मिळून चार वर्षांत जेवढी झोप त्या गाडीत गमावली तेवढ्यात एक बाळ वाढून शाळेत गेलं असतं. झोपायला बंदी होती. डुलकी लागलेल्या माणसाला ते मोठ्याने 'इराणी' म्हणत, कारण त्यांच्या मते मॅरेथॉनच्या लढाईत इराण्यांचं जे झालं ते गाफील राहिल्यामुळे.

मॅरेथॉन या शब्दावरून तर त्यांनी अर्ध्या कंपनीशी भांडण केलं होतं. दोह्यात दरवर्षी कॉर्निशवर, म्हणजे समुद्रकाठच्या रस्त्यावर, लोक बनियन घालून धावतात. आमच्या ऑफिसातले साहेब लोकही धावत आणि नंतर आठवडाभर लंगडत. काका त्यांना गाठून सांगत, "मॅरेथॉन म्हणजे बडीशेप. बडीशेपेच्या शेतात लढाई झाली म्हणून ते नाव. तुम्ही बेचाळीस किलोमीटर बडीशेप धावलात." कँटीनमध्ये जेवण झालं की ते खिशातून डबी काढायचे आणि गंभीर चेहऱ्याने पुढे करायचे, "घ्या, थोडी मॅरेथॉन घ्या." आमचे बंगाली स्टोअरकीपरही नंतर बडीशेपेला मॅरेथॉनच म्हणायला लागले. त्यांना लढाईचं काहीच माहीत नव्हतं.

हे वेड लागलं कुठून, हे विचारलं की दर वेळी वेगळं उत्तर मिळायचं. मला सांगितलं, लहानपणी वसईच्या चर्चमधल्या फादरनी ग्रीक अक्षरं शिकवली. उमेशला सांगितलं, नोकरी सोडून जाणारा एक गोरा साहेब पुस्तकांचं खोकं मागे टाकून गेला. अमेयला सांगितलं, पहिल्या वर्षी दुखानला राहत असताना टाउनशिपच्या खोलीत टीव्ही बिघडला होता. मला तिसरं खरं वाटतं. ग्रीसला मात्र ते कधी गेले नाहीत. सुट्टी मिळाली की वसई. वसईहून परत दुखान. "तिकडे जाऊन काय बघायचं?" ते म्हणत. "सगळी पडझड झाली आहे. माझ्या डोक्यात छपरं शाबूत आहेत."

ग्रीकांबद्दल त्यांना आदर होता असं मात्र नाही. शेजारच्यांबद्दल बोलावं तसं ते त्यांच्याबद्दल बोलायचे. "उघड्या तंगड्यांनी चौकात बसून लोकशाही शोधली, कारण घरी काम बायका आणि गुलाम करत होते." किंवा, "ग्रीक अंगाला तेल चोपडून नागडे धावायचे. आपण जमिनीतून तेल काढतो आणि पन्नास डिग्रीत नखशिखांत कव्हरऑल घालतो. यात प्रगती कुणाची, ते मला सांगा." स्पार्टावर त्यांचा विशेष राग, कारण तिथलं जेवण वाईट. कँटीनच्या डाळीला ते स्पार्टाचा रस्सा म्हणत. तरी एका बाबतीत ते स्पार्टाला मानायचे. स्पार्टाचे लोक कमी बोलत. एका राजाने त्यांना भलीमोठी धमकी धाडली, मी तुमच्या मुलखात शिरलो तर असं करीन, तसं करीन; त्यांनी उलट एकच शब्द पाठवला, 'तर'. ही गोष्ट सांगून झाली की ते सुस्कारा सोडत, "आमच्या घरी रोज हेच." सेलीनकाकू खरोखरच स्पार्टाच्या होत्या. नवऱ्याने तासभर केलेल्या भाषणावर त्यांचं उत्तर 'बघू' असं असायचं. नवरा-बायको आपापसांत वसईची सामवेदी बोलत, त्यातलं आम्हांला काही कळत नसे. पण काकूंचं वाक्य संपलेलं कळायचं, कारण ते सुरू होताच संपायचं.

इनासकाका सगळ्या दोह्यातल्या मराठी मंडळींना माहीत झाले ते शिवजयंतीच्या कार्यक्रमात. एका शाळेचा हॉल भाड्याने घेतला होता. स्टेजवर मंडळातले एक गृहस्थ त्वेषाने बोलत होते, यवनी सत्ता, यवनांचा काळ, यवनांचं कंबरडं. मागच्या रांगेत शाळेचे उर्दू बोलणारे सुपरवायझर बसलेले. कमिटीच्या लोकांना घाम फुटला होता, पण माइक काढून घेणार कोण? तेवढ्यात इनासकाका उठून उभे राहिले.

"एक मिनिट. ग्रीकांचा इथे काय संबंध?"

वक्ते थांबले. "ग्रीक कुठून आले?"

"तुम्हीच आणलेत. आयोनिया नावाचा ग्रीकांचा किनारा होता. तिथल्यांना इराण्यांनी यौन म्हटलं, अरब अजून त्यांच्या देशाला युनान म्हणतात, आणि आपण यवन. पुढे आपल्या लोकांनी तो शब्द ज्याच्याशी भांडण त्याला चिकटवला. बाहेर कुणालाही विचारा, युनान म्हणजे काय. ग्रीक बिचारे प्रतापगडाला आलेच नव्हते हो!"

"मग मी काय म्हणू?" वक्ते रडकुंडीला आले.

"ज्याच्याशी लढाई झाली त्याचं नाव घ्या. दिल्लीकर म्हणा. विजापूरकर म्हणा."

कमिटीने एवढ्या जोरात टाळ्या वाजवल्या की वक्त्यांना ते मान्य करावंच लागलं. पुढची वीस मिनिटं ते विजापूरकरांचं कंबरडं मोडत होते. तिसऱ्या रांगेत विजापूरकर नावाचं एक खरंखुरं कुटुंब बसलं होतं, ते मध्यंतरात न जेवता निघून गेलं. सेक्रेटरींनी नंतर काकांचे हात हातात घेऊन आभार मानले आणि पुढच्या कार्यक्रमापासून भाषणं आधी त्यांना दाखवायची प्रथा पाडली. काका ती वाचून परत करायचे. बहुतेकांवर 'फार लांब' एवढाच शेरा असायचा. स्वतःच्या बाबतीत हा निकष त्यांनी कधी लावला नाही.

गाडीत मात्र सगळं त्यांच्या कायद्याने चालायचं. गाडीचं नाव ट्रायरीम, म्हणजे तीन मजली वल्ह्यांचं ग्रीक लढाऊ जहाज. मागे बसणारे तळमजल्याचे वल्हेकरी. वाटेतल्या राउंडअबाउटचं नाव सॅलॅमिस, कारण तिथे मोठमोठ्या गाड्या एकमेकींत अडकायच्या आणि आमची जुनी गाडी मधून सटकायची. इराण्यांचं अवाढव्य आरमार अरुंद सामुद्रधुनीत असंच अडकलं होतं. एकदा अमेयने विचारलं की लोकशाहीवाल्या अथेन्सचं साम्राज्य कसं झालं. काका म्हणाले, "तुमच्यामुळे. आधी तुम्ही आपापल्या गाड्या आणत होतात, आळीपाळीने. मग म्हणालात, काका, तुम्हीच चालवा ना. मित्रराष्ट्रांनी तेच केलं. आमची जहाजं नकोत, तुम्हीच लढा. झालं, अथेन्सकडे आरमार आणि बाकीच्यांकडे आराम. साम्राज्य कुणी घेत नाही रे. लोक आणून देतात."

पुढच्या महिन्यात अमेयने बंड केलं. त्याने पुन्हा एक सेकंडहँड गाडी घेतली आणि दोन आठवडे एकटा दुखानला गेला. तिसऱ्या आठवड्यात आमच्या स्टॉपवर पिशवी घेऊन उभा. "पेट्रोल परवडत नाही" असं म्हणाला, कतारमध्ये! काकांनी विचारलं, "सिसिलीच्या मोहिमेचं काय झालं ते ऐकायचं राहिलं ना?" त्याने मान डोलावली. सिसिलीवर चालून गेलेल्या अथेन्सचंही असंच झालं होतं.

आणि मग मतदान. दरवर्षी हिवाळ्यात एकदा काका काकूंच्या फुटलेल्या कुंडीचे चार तुकडे घेऊन यायचे. कतारच्या उन्हात कुंड्या तडकतातच. अथेन्सचे लोक वर्षातून एकदा अशाच खापरांवर एकेका माणसाचं नाव खरडायचे. ज्याच्या नावाची खापरं सगळ्यांत जास्त, त्याने दहा वर्षं शहर सोडायचं. "याची गंमत कशात आहे?" काका सांगत. "आरोप नाही. खुलासा नाही. भाषण नाही. घरदार त्याचंच राहतं, अब्रू त्याचीच राहते. फक्त, बाबा, आता काही दिवस तू नको." आमच्या गाडीत शिक्षा दहा दिवसांची. पहिल्या वर्षी उमेश गेला, लसणाच्या चटणीमुळे. दुसऱ्या वर्षी मी, आईशी फोनवर स्पीकर लावून बोलते म्हणून. दहा दिवस मल्याळी लोकांच्या गाडीतून गेले. तिथे कुणी काही बोलत नव्हतं, छान झोप झाली, आणि पाचव्या दिवशी मला अथेन्सची आठवण यायला लागली.

"पण खऱ्या अथेन्सातनं कुणाला हाकललं ओ?" उमेशने एकदा विचारलं.

"थेमिस्टोक्लीसला. सॅलॅमिसची लढाई ज्याने जिंकून दिली, त्याला."

"च्यायला! जिंकून दिली त्यालाच?"

"त्यालाच. हरलेल्या माणसाचा कुणाला त्रास होतो? आणि मग तो कुठे गेला माहीत आहे? ज्या इराणच्या राजाला हरवलं, त्याच्याच घराण्यात नोकरीला. म्हणजे शेवटी गल्फलाच आला. वर्षभर मुदत मागून घेतली आणि फारसी शिकला. तुम्ही इतकी वर्षं इथे आहात, शुक्रन आणि खलासच्या पुढे गेलात का?"

यावर आम्ही तिघंही खिडकीबाहेर बघू लागलो.

मागच्या उन्हाळ्यात पहिल्यांदा गाडीचा उजवा आरसा गेला. फाटक अरुंद झालंय, असं काका म्हणाले. मग एकदा वाटेतल्या शहानिया गावाच्या पुढे उजवीकडच्या रस्त्याने एक पिकअप आली, मागे उंट बसवलेले, आणि काका अथेन्सच्या प्लेगबद्दल बोलत सरळ तिच्यावर निघाले. पिकअप सगळ्या गाडीला दिसत होती. "काका, ब्रेक!" उमेश किंचाळला. गाडी थांबली तेव्हा उंटाचं तोंड माझ्या काचेपासून हातभरावर होतं आणि तो रवंथ करत होता. काका म्हणाले, "कुठून आला हा?" त्यांच्या आवाजात थट्टा नव्हती. त्यांना खरंच दिसला नव्हता.

त्यानंतरच्या आठवड्यात मी मेडिकलसाठी हॉस्पिटलात गेले होते. सेलीनकाकूंनी मला कॉरिडॉरमध्ये बाजूला घेतलं.

"इनासला काचबिंदू आहे. समोरचं दिसतं. बाजूचं गेलं."

"डॉक्टर काय म्हणाले?"

"गाडी बंद."

"कधी सांगितलं?"

"चार महिने झाले."

चार महिने रोज दोनदा आम्ही त्या माणसाच्या भरवशावर एकशेवीसच्या वेगाने जात होतो. "काकू, तुम्ही सांगा ना त्यांना."

"मी बायको आहे," काकू म्हणाल्या. "तुम्ही सांगा." आणि वॉर्डात निघून गेल्या. एवढं लांब संभाषण आमच्यात त्याआधी झालं नव्हतं.

आता सांगायचं कसं? पहिला प्रयत्न उमेशने केला. "काका, आज मी घेऊ का गाडी? तुम्ही जरा निवांत बसा."

"कोल्हापुरात समुद्र आहे का?"

"न्हाई."

"मग ट्रायरीम तुझ्या हातात कशी देऊ?"

अमेयने डोळ्यांच्या आजारावर सात मुद्दे काढून आणले होते. पहिला मुद्दा संपायच्या आत काकांनी त्याला अथेन्सच्या तटबंदीवर नेलं आणि दुखान येईपर्यंत खाली उतरू दिलं नाही. मी सरळ विचारलं, "काका, डोळे दाखवले का?" ते हसले. "दाखवले. डॉक्टरला आवडले." मग म्हणाले, "पोरी, मी मागे बसून बघितलंय. मागे बसलो की मला काही सांगताच येत नाही. हात इथे असले तरच तोंड चालतं."

त्यांना जे जाणार आहे असं वाटत होतं ते नुसतं लायसन्स नव्हतं. पण माझी आई दर संध्याकाळी लातूरहून फोन करून पोचलीस का विचारायची, आणि उमेशच्या घरी सात महिन्यांची मुलगी होती. आम्ही रोज पहाटे गाडीत बसायचो, उजवीकडे तिघंही डोळे लावून बसायचो आणि 'काका, ट्रक' म्हणून ओरडायचो. आम्ही त्यांचा उजवा डोळा झालो होतो, आणि आम्ही काही फार चांगला डोळा नव्हतो. एका राउंडअबाउटला मोटारसायकलवाला आम्हां चौघांनाही उशिरा दिसला. तो वाचला तो त्याच्या नशिबाने. त्या संध्याकाळी अमेयच बोलला, "त्यांना समजावणं आपल्याला जमणार नाही. पण समजावायची गरजच नाही अशी एक पद्धत त्यांनीच आपल्याला दिली आहे."

गुरुवारी आम्ही नेहमीपेक्षा पंधरा मिनिटं आधी मदिनत खलीफाला त्यांच्या फाटकाशी पोचलो. काका गाडी पुसत होते, फक्त समोरची काच.

"काका, मतदान घ्यायचं आहे," मी म्हटलं.

"आत्ता? ते हिवाळ्यात असतं."

"मुळात मतदान घ्यायचं का, यावर आधी मत घेतात," अमेय म्हणाला. "तुम्हीच सांगितलंय. हात वर करा." आमचे तीन हात वर झाले.

काकांनी आमच्याकडे पाहिलं. एकेकाकडे बघायला त्यांना आख्खी मान वळवावी लागत होती. "विषय काय?" ते म्हणाले.

"विषय नसतो, काका," उमेश म्हणाला.

तेवढ्यात घरामागून काहीतरी फुटल्याचा आवाज आला. थोड्या वेळाने सेलीनकाकू स्टीलच्या ताटलीत खापराचे चार तुकडे घेऊन आल्या. मातीला अजून कढीपत्त्याची मुळं चिकटलेली होती. ती कुंडी उन्हाने तडकलेली नव्हती. काकांनी ताटलीकडे पाहिलं, काकूंकडे पाहिलं, आणि खिशातून मार्कर काढला.

आम्ही एकमेकांकडे पाठ करून लिहिलं. काकांना सगळ्यांत जास्त वेळ लागला. तुकडे उमेशच्या हेल्मेटमध्ये टाकले. मोजणी दरवर्षी काकाच करायचे, तीही त्यांनीच केली. पहिला तुकडा त्यांनी अगदी नाकासमोर धरला.

"इनास. हे उमेशचं अक्षर. सुधारलं नाही." दुसरा उचलला. "इनास तुस्कानो. आडनावासकट. अमेय, इथे दुसरा इनास कोण आहे रे?" तिसरा माझा होता. "इनासकाका." ते थांबले. "हे मत बाद होऊ शकतं. अथेन्समध्ये कुणी काका लिहीत नसे."

मला नुसतं 'इनास' लिहवलंच नव्हतं. मला त्या क्षणी फार वाईट वाटत होतं, आणि खरं सांगायचं तर त्याहून जास्त सुटल्यासारखं वाटत होतं. त्या सुटल्यासारखं वाटण्याची लाज अजून गेलेली नाही.

चौथा तुकडा त्यांनी वाचला नाही. उमेशच्या हातात दिला. आम्ही तिघं त्यावर वाकलो. चार-पाच वळणदार अक्षरं होती, आमच्यापैकी कुणाच्याच ओळखीची नव्हती.

"हे काय लिवलंय?" उमेश म्हणाला.

"वाच की."

"मला येतंय व्हय ग्रीक?"

"मग आपल्या चौघांत कुणाला येतं?"

अमेयने चष्मा काढून पुसायला घेतला. काकांनी मार्करचं टोपण लावलं आणि म्हणाले, "एकमताने. अथेन्सला हे एकदाही जमलं नव्हतं." त्यांनी किल्ली खिशातून काढली, पण ती हातातून सुटेना. काकूंनी त्यांच्या मुठीतून ती सोडवली आणि उमेशला दिली.

"दहा दिवसांनी परत या, काका," मी म्हटलं. "मागे बसा. मागे बसून सांगा."

"दहा दिवस हे तुमचे लाड होते," ते म्हणाले. "कायद्यात दहा वर्षं आहेत."

त्यांनी सुट्टी टाकली आणि सुट्टीतूनच राजीनामा दिला. महिनाभरात दोघंही वसईला गेली. मी नेमकी तेव्हा भावाच्या लग्नाला लातूरला होते, त्यामुळे निरोपाच्या जेवणाला नव्हते. आता त्यांच्या व्हॉइस नोट येतात. पाच मिनिटांच्या नोटमध्ये तीन मिनिटं सिसिलीची मोहीम असते आणि दोन मिनिटं शेजारचा कोंबडा. म्हणजे हात रिकामे असूनही तोंड चालतं, हे एकदाचं सिद्ध झालं. उमेश त्या नोट दुखानच्या वाटेवर लावतो, आणि अजून कुणाला झोपू देत नाही.

पण मी त्यांना प्रत्यक्ष पाहिलं ते त्या गुरुवारीच शेवटचं. उमेश त्यांच्या सीटवर बसला. सीट इतकी पुढे होती की त्याचे गुडघे स्टिअरिंगला लागले, तरी ती मागे सरकवायचं त्याला धाडस होईना. गाडी फाटकातून उलटी रस्त्यावर काढायची होती. काका धावत मागे गेले, रस्त्याच्या कडेला उभे राहिले आणि दोन्ही हातांनी बोलवायला लागले. "येऊ दे! येऊ दे! अजून थोडी!" त्यांच्या उजव्या बाजूने एक पाण्याचा टँकर येत होता, निळा, भलामोठा, हॉर्न वाजवत. आम्हां तिघांनाही तो मागच्या काचेतून दिसत होता. उमेशने हळूच ब्रेकवर पाय ठेवला. टँकर काकांच्या पाठीला वारा घालत निघून गेला, ते दचकून एक पाऊल मागे सरले, शर्ट नीट केला आणि पुन्हा हात हलवू लागले. "या रे! यल्ला, यल्ला! रस्ता मोकळा आहे!"